घरातले पहारेकरी : ते काय ओळखतात आणि केव्हा चुकतात?

तेल तापलं की नाही हे पाहायला आपण कणकेचा एवढासा गोळा कढईत सोडतो. तो चटकन वर आला की पुऱ्या तळायला घेतो. विरजण लावताना दुधात करंगळी बुडवतो, भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारतो, पाक एकतारी झाला का ते दोन बोटांत धरून बघतो आणि कुकरच्या शिट्ट्या तर दुसऱ्या खोलीतूनसुद्धा मोजतो. मैत्रिणींनो, हे सारं मोजमापच आहे. आपली बोटं, कान आणि नाक ही आपली जन्मापासूनची उपकरणं. कुणी आपल्याला शिकवलं नाही. आईच्या हाताखाली पाहूनच आलं.

आता हेच काम करणारी यंत्रं घरात शिरली आहेत. भाजीवाल्याच्या काट्यावर आकडे उमटतात, पाण्याची मोटार टाकी भरली की आपोआप बंद होते, तापाचं थर्मामीटर पिकपिक करतं, बोटाला लावलेला चिमटा प्राणवायूचं प्रमाण सांगतो. यांना सेन्सर म्हणतात; मराठीत संवेदक. आपण त्यांच्या आकड्यावर विसंबून पैसे मोजतो, औषध घेतो, कधी तर जीवही त्यांच्या हवाली करतो. म्हणून ते काम कसं करतात आणि कुठं फसतात हे गृहिणीला ठाऊक असायलाच हवं. त्यासाठी शास्त्राची पदवी नको. स्वयंपाकघरातली अक्कल पुरते.

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत

यंत्राला डोळे-कान नसतात. त्याला एकच भाषा कळते, ती विजेची. तेव्हा ऊब, वजन, दाब, आवाज, वास हे सगळं विजेच्या भाषेत सांगणारा एक दुभाषा लागतो. अशा दुभाष्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. एका रूपातली शक्ती तो दुसऱ्या रूपात आणतो. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो, लाउडस्पीकर विजेचा आवाज करतो, दोघंही ट्रान्सड्यूसरच. यातला जो नुसतं ओळखण्याचं, मोजण्याचं काम करतो तो सेन्सर.

तुमच्या ओट्यावर एक ट्रान्सड्यूसर रोज तुमच्या हातात असतो, तो म्हणजे गॅसचा लायटर. त्यात ना सेल असतो, ना वायर. खटका दाबला की आत एक लहानशी हातोडी एका विशिष्ट खड्यावर आपटते आणि त्या आघातानं खड्यात हजारो व्होल्टची वीज तयार होऊन ठिणगी उडते. दाबाखाली काही स्फटिकांत वीज निर्माण होते हे १८८० साली फ्रान्समधल्या झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिलं. यातले पिएर म्हणजे पुढे मादाम क्यूरी यांचे यजमान झाले ते. गंमत अशी, की हा गुण उलटाही चालतो. त्या खड्याला वीज दिली तर तो थरथरतो आणि आवाज काढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली असते. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, ही तिथली जुनी युक्ती. तिथेही शक्तीचं रूप बदलतं, पण ते पीठ दळण्यासाठी. सेन्सरमध्ये जी वीज उमटते ती इतकी थोडी असते, की तिनं दिवासुद्धा लागणार नाही. ती फक्त बातमी देते.

टाकी भरली का गं?

नळाला चार-पाच दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येण्याचे दिवस या शहरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे काढले आहेत. पैठणला नाथसागर भरलेला, त्याचा टक्का रोज वर्तमानपत्रात छापून येतो आणि इकडे सिडको-हडकोत आपण मध्यरात्री मोटार लावून जाग्या. त्यात डोळा लागला की टाकी वाहते आणि आठवड्याचं पाणी गच्चीवरून खाली जातं. म्हणून टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं उपकरण इथे चैनीची वस्तू नाही.

सगळ्यात जुना प्रकार तरंगणाऱ्या गोळ्याचा, म्हणजे फ्लोटचा. पाण्याबरोबर गोळा वर आला की कळ दाबली जाते आणि मोटार बंद. साधा आणि स्वस्त. फक्त तो टाकीच्या भिंतीला किंवा पाइपाला अडकत नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावं.

दुसरा प्रकार सळ्यांचा. टाकीत कमी-अधिक उंचीवर धातूच्या सळ्या सोडलेल्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून थोडी वीज वाहते. पाणी वरच्या सळीला टेकलं की मंडल पूर्ण होतं आणि यंत्राला कळतं, टाकी भरली. याचा शत्रूही तेच क्षार. बोअरच्या जड पाण्यानं सळीवर पांढरा थर चढतो आणि मग पाणी टेकूनही यंत्राला पत्ता लागत नाही. वीज बंद करून सळ्या लिंबाच्या रसानं किंवा पातळ व्हिनेगरनं पुसून काढल्या, की बरेचदा ‘बिघडलेलं’ यंत्र सुधारतं. कारागिराचा हेलपाटा वाचतो.

तिसरा प्रकार प्रतिध्वनीचा. टाकीच्या झाकणाला आतून बसवलेली डबी आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते. तो पाण्यावर आपटून परत येतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे साधारण सहा हजारांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढतं. हा आवाज काढणारा आणि परतलेला आवाज टिपणारा कोण, तर आपल्या लायटरमधल्या खड्याचाच नातेवाईक. वीज दिली की थरथरतो, आवाज आदळला की वीज देतो.

आणि सोनोग्राफी? तीही याच कुळातली. डॉक्टर पोटावर जे यंत्र फिरवतात त्यात असे बारीक खडे ओळीनं बसवलेले असतात. त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज तिथूनच परत फिरतो, म्हणून ते गार जेल लावतात. परत आलेल्या प्रतिध्वनींतून बाळाचं चित्र तयार होतं. बाळाची वाढ, हृदयाचे ठोके, वारेची जागा कळावी यासाठी हे यंत्र. त्याचा मुलींच्या जिवावर उठणारा वापर होऊ लागला, तेव्हा गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, १९८८ साली. त्यानंतर १९९४ साली देशभरासाठी कायदा झाला. यंत्र फक्त प्रतिध्वनी आणून देतं. त्याचं काय करायचं, हे माणसंच ठरवतात.

पाण्याच्याच बाबतीत आपल्या शहराला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. १९५३ साली गेओर्ग एन्ड्रेस आणि लुडविग हाउजर या दोघांनी टाक्यांमधली पातळी ओळखणारी उपकरणं विकायचा धंदा सुरू केला. त्यांच्या ‘एन्ड्रेस अँड हाउजर’ या कंपनीचा कारखाना आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिथे कारखान्यांना लागणारे प्रवाहमापक तयार होतात. त्यातल्या एका प्रकाराची युक्ती ऐकण्यासारखी आहे. पाइपाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्यातून पाणी वाहू लागलं की पाण्यातच किंचित वीज उमटते. पाणी जितकं वेगानं, तितकी वीज जास्त. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेला नियमच हा. आपल्या घरच्या साध्या मीटरमध्ये फिरणारं चक्र असतं, त्यात गाळ अडकतो. या मापकात फिरणारं काहीच नाही. दूध असो, उसाचा रस असो, सांडपाणी असो, वाटेत आडवं न येता मोजमाप होतं.

काट्यावरचा आकडा

शहागंजला किंवा औरंगपुऱ्यात भाजी घेताना पूर्वी आपण तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवली नाही ना, हे बघायचो. आता काटा विजेवर चालतो. त्याच्या आत धातूची एक जाड पट्टी असते. वर वजन ठेवलं की ती वाकते; इतकी थोडी, की डोळ्यांना दिसूच नये. पट्टीवर केसासारख्या बारीक तारेची नक्षी चिकटवलेली असते. पट्टी वाकली की तार ताणली जाते. ताणलेली तार जरा लांब आणि जरा बारीक होते, म्हणून तिच्यातून वीज थोडी अडखळत जाते. तेवढ्या फरकाचं यंत्र किलो-ग्रॅममध्ये रूपांतर करतं. ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना वेगवेगळी सुचली.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्या. काटा डगमगत्या फळीवर असेल तर आकडा चुकतो. वस्तू ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसलं पाहिजे. टोपली किंवा डबा ठेवून वजन करत असतील तर त्याचं वजन आधी वजा झालं पाहिजे. आणि अशा काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. शिक्का दाखवा म्हणायला लाजू नका. पैसे आपले जातात.

गॅसचा वास आणि गॅसचं यंत्र

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. पण सर्दी झाली असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाक मंद झालं असेल किंवा रात्री सगळे झोपले असतील तर त्या वासाचा काय उपयोग? अशा घरांत गॅसचा सेन्सर लावलेला बरा.

१९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी याची युक्ती काढली. कथिलाच्या भस्माचा लहानसा तुकडा आत सतत गरम ठेवलेला असतो. हवेतला प्राणवायू त्याच्या अंगाला चिकटून बसतो आणि विजेची वाट अडवतो. ज्वालाग्राही वायू आला की तो हा प्राणवायू ओढून घेतो, वाट मोकळी होते, वीज वाहू लागते आणि भोंगा वाजतो. घरातल्या हवेच्या शंभर भागांत गॅसचे साधारण दोन भाग झाले तरी स्फोट होऊ शकतो. भोंगा त्याच्या कितीतरी आधी वाजायला हवा.

हा सेन्सर कुठे बसवता, त्यावर सगळं अवलंबून आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर हवं. पाइपाने घरी येणारा गॅस हवेपेक्षा हलका; तिथे यंत्र छताजवळ हवं. शेगडीच्या अगदी डोक्यावर लावू नये, फोडणीच्या वाफेनं आणि तेलकटपणानं ते बिचारं कामातून जातं. अत्तराचा फवारा किंवा स्पिरिटच्या वासानंही ते उगाच ओरडतं. पण ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बंद करून ठेवू नका. या सेन्सरचं आयुष्य काही वर्षांचंच असतं. मागे मुदत छापलेली असते, ती डाळीच्या पाकिटासारखी वाचावी.

भोंगा वाजलाच तर विजेचं कोणतंही बटण दाबायचं नाही. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळी ठिणगी उडते. आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या, मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. गळती कुठे आहे ते साबणाचं पाणी लावून पाहतात. काडी ओढून मुळीच नाही.

आणखी एक. न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरमुळे दरवर्षी माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यात बहुतेक वेळा गॅस गळलेला नसतो. बंद जागेत ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गळती ओळखणारं साधं यंत्र त्याच्यासाठी बनवलेलं नसतं, त्याचा सेन्सर वेगळा येतो. तेव्हा असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवून घ्या.

विजेचा हिशेब

घरच्या वीजफलकावर छोटे खटके असतात. वायरीतून जास्त भार गेला की ते पडतात. हे वायरीचं रक्षण करतात, माणसाचं नाही, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. माणसाला वाचवणारा खटका निराळा. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी.

त्याचं काम वाण्याच्या वहीसारखं. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी आहे का, एवढंच तो पाहतो. दोन्ही तारा एका कड्यातून गेलेल्या असतात. जेवढी गेली तेवढीच परत आली तर दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कडं गप्प राहतं. कुणाला शॉक बसला तर थोडी वीज शरीरातून जमिनीत जाते, हिशेब चुकतो आणि खटका पडतो. घरगुती खटका ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. साठ वॉटच्या दिव्यातून जाते तिच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतकी ही वीज. आणि हे पापणी लवण्याच्या आत होतं.

त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहायचं. खटका पडला तर पहारेकरी जागा आहे. न पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. मात्र एका हातानं एक तार आणि दुसऱ्या हातानं दुसरी तार धरली तर वीज जमिनीत न जाता परत फिरते, हिशेब जुळतो आणि खटका पडत नाही. म्हणून हा खटका असला तरी ओल्या हातांनी प्लग ओढू नका.

घरातला दवाखाना

तापाचं थर्मामीटर : याच्या टोकाला एक मणी असतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, त्यावरून ताप कळतो. काखेत नीट दाबून, आवाज होईपर्यंत ठेवावं. कपाळाला न लावता ताप दाखवणारं यंत्र त्वचेतून निघणारी उष्णता टिपतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या पोराला लगेच लावलं तर खोटा ताप दिसेल; घामानं उलट कमी दिसेल. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवून मग पाहा.

बोटाचा चिमटा : २०२०-२१ च्या साथीत हा घरोघरी आला. यात लाल आणि डोळ्यांना न दिसणारा, असे दोन प्रकाश बोटातून जातात. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीबरोबर होणाराच फरक तेवढा मोजायचा, ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची. त्यांनी ती १९७४ साली मांडली. गडद नेलपॉलिश, काळी मेंदी किंवा गार पडलेलं बोट असेल तर आकडा फसतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दिसू शकतो. म्हणून आकडा चांगला असूनही माणसाला धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर चिमटा बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

साखरेचं यंत्र : पट्टीवर एक विकर लावलेलं असतं, ते रक्तातल्या साखरेशीच क्रिया करतं आणि त्यातून थोडी वीज उमटते. आंबा चिरलेल्या किंवा गूळ फोडलेल्या हातानं टोचून घेतलंत तर बोटावरची साखरही मोजली जाते आणि आकडा भरमसाट येतो. हात साबणानं धुऊन कोरडे करा. पट्ट्यांची बाटली ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका, दमटपणानं विकर खराब होतं.

रक्तदाबाचं यंत्र : दंडाचा पट्टा फुगतो, नाडीच्या ठोक्यांनी त्यातली हवा थरथरते आणि त्या थरथरीवरून यंत्र दाब ठरवतं. जिना चढून आल्याबरोबर, बोलता बोलता किंवा पाय लोंबकळत ठेवून दाब पाहू नये. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीत असावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सारून दंडाला काचत असेल तर बाहीतून हात काढावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा. लहान पट्ट्यानं दाब उगाच जास्त दिसतो आणि चिंता मात्र खरी लागते.

तीन प्रश्न

इतके प्रकार पाहिले, पण सगळ्यांची दुखणी तीनच. मळ, जागा आणि वय. सळीवर क्षार चढले, सेन्सर चुकीच्या उंचीवर लागला किंवा त्याची मुदत संपली, तर उत्तमातलं उत्तम यंत्रही खोटी बातमी देतं. आणि देताना ते अडखळत नाही, आपल्यासारखं चाचरत नाही. खोटा आकडासुद्धा तितक्याच ठळकपणे दाखवतं. म्हणून कोणत्याही यंत्राला तीन प्रश्न विचारायचे : तू स्वच्छ आहेस का? योग्य जागी आहेस का? तुझी मुदत शिल्लक आहे का?

येत्या रविवारी अर्धा तास काढा. आरसीसीबीचं बटण दाबून पाहा, गॅसच्या यंत्राची उंची आणि मुदत तपासा, टाकीतल्या सळ्या पुसा, साखरेच्या पट्ट्यांची तारीख वाचा. हे काम एकट्यानं करू नका. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही बरोबर घ्या आणि यजमानांनाही शिडी धरायला लावा. घर सगळ्यांचं आहे, तर पहारेकऱ्यांची हजेरी घेणंही सगळ्यांनाच यायला हवं. आणि तेल तापलं का हे पाहायला कणकेचा गोळा टाकायचं मात्र सोडू नका. त्या सेन्सरला मुदत नाही.